लहान मुलांचा स्क्रीन टाइम : मर्यादा, कारणे आणि घरातील उपाय

मूल जेवत नाही म्हणून त्याच्या हाती मोबाइल द्यायचा आणि मोबाइल काढून घेतला की ते जेवत नाही म्हणून पुन्हा द्यायचा, हे चक्र आज देशातील असंख्य घरांत सुरू आहे. पाच वर्षांखालील मुलांनी दूरचित्रवाणी, मोबाइल, टॅबलेट आणि संगणक यांच्या पडद्यासमोर किती वेळ घालवावा, याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने तसेच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. या सूचना कोणत्या, त्यामागील कारणे काय आणि त्या घरात अमलात कशा आणता येतील, याची माहिती या लेखात देण्यात आली आहे.

कर्नाटकातील मैसूरु, म्हणजेच पूर्वीचे म्हैसूर, या शहराचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. मुलांच्या वाचा आणि श्रवण विकासासंबंधी काम करणारी देशातील एक प्रमुख संस्था तेथे आहे. त्याचबरोबर पडद्याला पर्याय ठरू शकतील अशा घरगुती बैठ्या खेळांची मोठी परंपराही या शहराला लाभली आहे.

स्क्रीन टाइम म्हणजे काय?

कोणत्याही पडद्यावरील दृश्ये पाहण्यात किंवा त्यावर खेळण्यात जो वेळ जातो, त्याला स्क्रीन टाइम म्हटले जाते. लहान मुलांबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा भर एका जागी बसून पडदा पाहण्यात जाणाऱ्या वेळेवर आहे. दूरचित्रवाणी, मोबाइलवरील चित्रफिती, कार्टून मालिका आणि व्हिडिओ गेम या सर्वांचा त्यात समावेश होतो. आजी-आजोबांशी होणारे व्हिडिओ कॉलवरील बोलणे मात्र बहुतेक तज्ज्ञ संघटना वेगळे मानतात. त्यात समोरची व्यक्ती मुलाच्या हालचालीला आणि शब्दाला तेथल्या तेथे प्रतिसाद देत असते, हे त्याचे कारण.

आणखी एक प्रकार सहसा लक्षात येत नाही. घरातील मोठी माणसे बातम्या किंवा मालिका पाहत असताना मूल त्याच खोलीत खेळत असेल, तर त्याला पार्श्वभूमीचा पडदा म्हणतात. मूल त्याकडे पाहत नसले तरी त्याचा परिणाम होतो, असे संशोधनातून दिसून आले आहे.

वयानुसार मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी शारीरिक हालचाल, बैठा वेळ आणि झोप यांविषयी एकत्रित सूचना जाहीर केल्या. त्यांचा गोषवारा असा :

एक वर्षाखालील बालके : पडद्यासमोर अजिबात बसवू नये. जमिनीवर खेळणे, पोटावर पालथे पडून हालचाल करणे यांसारख्या क्रिया दिवसातून अनेकदा व्हाव्यात. झोप पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास आणि चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६ तास असावी.

एक ते दोन वर्षे : एक वर्षाच्या मुलांसाठी पडदा योग्य नाही. दोन वर्षांच्या मुलांसाठी तो एका तासापेक्षा अधिक नसावा. जितका कमी तितका चांगला. दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल आणि ११ ते १४ तास झोप आवश्यक.

तीन ते चार वर्षे : पडदा जास्तीत जास्त एक तास. हालचाल १८० मिनिटे, त्यापैकी किमान ६० मिनिटे धावण्या-उड्या मारण्यासारखी जोमाची. झोप १० ते १३ तास.

भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ हिच्या सूचनाही जवळपास याच स्वरूपाच्या आहेत. दोन वर्षांखालील मुलांना नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलखेरीज पडदा नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत एका तासापेक्षा अधिक नको आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांपेक्षा कमी असावा, असे या संघटनेने म्हटले आहे. स्वीडनच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या सूचनांतही दोन वर्षांखाली पडदा नको आणि पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, हीच मर्यादा आहे.

या सर्व सूचनांत तासांचा आकडा लगेच नजरेत भरतो. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने तो आकडा झोप आणि हालचाल यांच्यासोबत दिला आहे, हे महत्त्वाचे आहे. मुलाच्या दिवसाचे तास मर्यादित असतात. त्यातील बराच भाग झोपेचा, काही भाग हालचालीचा, काही जेवणखाणाचा आणि काही माणसांशी बोलण्याचा असतो. पडदा यांपैकी कशाची जागा घेतो, हा खरा प्रश्न आहे.

मैसूरुतील भाषा आणि वाचा संस्था

मैसूरु शहरातील मानसगंगोत्री या विद्यापीठ परिसरात ‘अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था’ आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही स्वायत्त संस्था १९६० च्या दशकात स्थापन झाली. ऐकू न येणे, बोलणे उशिरा सुरू होणे, तोतरेपणा आणि संवादासंबंधीच्या इतर अडचणी यांची तपासणी आणि उपचार येथे होतात, तसेच या क्षेत्रातील तज्ज्ञ घडवले जातात. याच परिसरात ‘भारतीय भाषा संस्थान’ ही केंद्र सरकारची दुसरी संस्था आहे. तिची स्थापना १७ जुलै १९६९ रोजी झाली. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात असलेले पश्चिम विभागीय भाषा केंद्र याच संस्थानाचा भाग असून इतर भाषक शिक्षकांना तेथे मराठी शिकवली जाते.

एक संस्था मूल बोलू कसे लागते याकडे पाहते, तर दुसरी भाषा टिकते आणि शिकवली जाते कशी याकडे. स्क्रीन टाइमचा प्रश्न या दोन्हींना स्पर्श करतो. कारण पहिल्या तीन वर्षांत मुलाचे जे नुकसान होण्याचा संभव असतो, ते प्रामुख्याने भाषेच्या क्षेत्रातील आहे.

संशोधन काय सांगते?

लहान मूल पडद्यावरून भाषा शिकते का, याची तपासणी अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात करण्यात आली होती. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांना १२ बैठकांत चिनी भाषा ऐकवण्यात आली. ज्या बालकांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळली, पुस्तके दाखवली, त्यांना त्या भाषेतील ध्वनींमधील भेद ओळखता आले. तीच व्यक्ती, तेच बोलणे ज्यांना चित्रफितीतून दाखवले किंवा नुसते ऐकवले, त्यांच्यात तसा फरक आढळला नाही.

यानंतर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवण्यात आली. प्रत्यक्ष भेटीत आणि थेट व्हिडिओ संभाषणात मुले शब्द शिकली; आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या फितीतून मात्र शिकली नाहीत. मुलाने बोट दाखवले की त्या वस्तूचे नाव सांगणारे, ते हसले की हसणारे माणूस पलीकडे असणे, हा निर्णायक भाग असल्याचे यावरून दिसते. मुद्रित चित्रफीत मुलाची वाट पाहत नाही आणि त्याला उत्तरही देत नाही.

घरात चालू असलेल्या दूरचित्रवाणीबाबत अमेरिकेत २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन महिने ते चार वर्षे वयाच्या ३२९ मुलांच्या अंगावरील कपड्यात छोटे ध्वनिमुद्रण यंत्र ठेवून दिवसभराचे आवाज नोंदवण्यात आले. दूरचित्रवाणी ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० ने कमी झाल्याचे त्यात आढळले. ऑस्ट्रेलियातील २२० कुटुंबांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. तीन वर्षांच्या वयात पडद्याच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांचे सरासरी ६.६ शब्द आणि आई-वडील व मूल यांच्यातील बोलण्याची एकाहून किंचित अधिक देवाणघेवाण कमी होत असल्याचे त्यात नोंदवण्यात आले आहे.

कॅनडातील कॅलगरी येथे २,४४१ माता आणि मुलांच्या पाहणीत दोन आणि तीन वर्षांच्या वयात पडदा अधिक पाहणारी मुले पुढे विकासाच्या चाचण्यांत काहीशी मागे असल्याचे आढळले होते. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशा पाहण्यांतून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच सिद्ध होते. एकीमुळे दुसरी घडली, असे निःसंशय म्हणता येत नाही. घरातील आर्थिक ओढाताण, आईचा थकवा, खेळायला जागा नसणे या बाबी पडदाही वाढवतात आणि संभाषणही कमी करतात. म्हणूनच मोबाइल बंद केला की प्रश्न सुटला, असे होत नाही. मोबाइलच्या वेळेत मुलाशी कोण बोलणार, याचे उत्तर शोधावे लागते.

परप्रांतातील मराठी घरांचा प्रश्न

नोकरी किंवा प्रशिक्षणानिमित्त मैसूरु, बंगळूरुसारख्या शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने या निष्कर्षांना विशेष अर्थ आहे. सांगली किंवा साताऱ्यातील मुलाच्या कानी मराठी घरात, अंगणात, दुकानात, बसमध्ये पडते. मैसूरुतील मराठी मुलाच्या कानी ती केवळ आई-वडिलांकडून पडते. बाहेर कन्नड असते आणि पडद्यावर बहुधा हिंदी किंवा इंग्रजी. अशा घरात संध्याकाळचे दोन तास पडद्याला दिले, तर कमी होणारे शब्द प्रामुख्याने मराठीचे असतात.

दोन-तीन भाषा एकाच वेळी ऐकल्यामुळे मूल उशिरा बोलते, हा समज मात्र निराधार आहे. जगातील असंख्य मुले एकाहून अधिक भाषांत वाढतात. प्रत्येक भाषा मुलाला जिवंत माणसांकडून, पुरेशा प्रमाणात आणि त्याला उद्देशून ऐकायला मिळावी, एवढेच आवश्यक असते. शेजारच्या कन्नड आजींकडे घालवलेला एक तास कन्नड कार्टूनच्या एका तासापेक्षा मुलाला कितीतरी अधिक भाषा देतो. त्याचप्रमाणे गावाकडील आजीशी रोज ठरावीक वेळी होणारा व्हिडिओ कॉल मराठीसाठी मोलाचा ठरतो. मात्र अशा वेळी मोठ्यांपैकी कोणीतरी मुलाजवळ बसून आजीचे बोलणे पुढे न्यावे लागते.

दूरदर्शनपासून मोबाइलपर्यंत

पडद्याची चिंता नवीन नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी कार्यक्रम संध्याकाळी ठरावीक वेळीच असत. मुलांचा कार्यक्रम संपला की बातम्या लागत आणि मुले उठून खेळायला जात. प्रक्षेपणच संपत असल्यामुळे ‘आता पुरे’ हे आई-वडिलांना सांगावे लागत नसे. त्याहीपूर्वी, १९३५ मध्ये, मैसूरुतील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या निवासस्थानी खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. पुढे हेच नाव देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. त्या माध्यमात ऐकणाऱ्याचे डोळे आणि हात मोकळे राहत.

मोबाइलवरील चित्रफितींची रचना याच्या नेमकी उलट आहे. एक संपण्यापूर्वीच दुसरी सुचवली जाते आणि ती आपोआप सुरू होते. थांबण्याची नैसर्गिक जागाच त्यात ठेवलेली नसते. दोन-तीन वर्षांच्या मुलाकडून अशा वेळी स्वतःहून थांबण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. मोठ्यांनाही ते जमत नाही. म्हणून थांबण्याची जागा घरातल्यांनाच निर्माण करावी लागते.

घरात काय करता येईल?

जेवण आणि झोप या दोन वेळा प्रथम मोकळ्या कराव्यात. सर्व नियम एकदम लागू करण्यापेक्षा हे दोन पाळले तरी मोठा फरक पडतो. पडदा पाहत जेवणाऱ्या मुलाला भूक आणि तृप्ती यांची जाणीव नीट होत नाही. घास तोंडात घालणाऱ्याकडेही ते पाहत नाही. झोपण्यापूर्वीचा किमान एक तास पडदा नसावा आणि मोबाइल शयनगृहाबाहेर ठेवावा.

पडद्याची वेळ मिनिटांपेक्षा घटनांनी ठरवावी. तीन वर्षांच्या मुलाला ‘वीस मिनिटे’ कळत नाहीत. ‘हे गाणे संपले की आंघोळ’ हे कळते. आपोआप पुढची चित्रफीत सुरू होण्याची सोय बंद करावी. शक्य असल्यास निवडलेले दोन-तीन कार्यक्रम आधीच साठवून ठेवावेत, म्हणजे शोधाशोध आणि जाहिराती टळतात. लहान मोबाइलपेक्षा खोलीतील मोठा पडदा बरा, कारण तो सर्वांसमोर असतो आणि मुलाबरोबर बसून पाहता येतो.

बरोबर बसून पाहावे आणि बोलावे. ‘हत्ती कुठे गेला?’, ‘आपण पाहिला होता तसाच आहे ना?’ असे विचारले की पडद्यावरील चित्राला मुलाच्या अनुभवाशी जोड मिळते. मैसूरुच्या प्राणिसंग्रहालयात पाहिलेला जिराफ पुन्हा पडद्यावर दिसला, तर त्या दृश्याला अर्थ येतो. उलट क्रम तेवढा उपयोगी ठरत नाही.

कोणी पाहत नसलेली दूरचित्रवाणी बंद ठेवावी. या एका सवयीसाठी खर्च नाही आणि मुलाशी वादही नाही.

रडे थांबवण्याचे साधन म्हणून मोबाइल वापरू नये. बसमध्ये, दवाखान्यात किंवा लग्नघरात एखाद्या वेळी तो द्यावा लागला, तर त्यात अपराध नाही. पण प्रत्येक रडण्यावर मोबाइल हाच उपाय ठरला, तर मूल राग आणि कंटाळा स्वतः आवरायला शिकत नाही. सवय मोडताना पहिले काही दिवस रडणे वाढते, हे पालकांनी आधीच गृहीत धरावे. या काळात एकदा ‘नाही’ आणि एकदा ‘बरं, घे’ असे केले, तर अधिक मोठ्याने रडले की मिळते, एवढाच धडा मूल घेते.

घरातील सर्वांचे एकमत असावे. आई नको म्हणते आणि आजोबा देतात, किंवा आजी नको म्हणते आणि कामावरून आलेले वडील देतात, अशा घरात नियम टिकत नाहीत. मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या वृद्धांना गुडघेदुखीमुळे त्याच्यामागे धावता येत नाही, हेही वास्तव आहे. त्यांना केवळ मनाई न सांगता बसून करता येतील अशी कामे सुचवावीत. मटार सोलणे, पालेभाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या, गोष्टी, बडबडगीते यांत तीन-चार वर्षांचे मूल सहज रमते.

मोठ्यांनी स्वतःचा मोबाइल ठरावीक जागी ठेवावा. दाराजवळील एखादे फडताळ किंवा देवघराशेजारचा कोनाडा त्यासाठी पुरतो. मूल जे पाहते तेच करते, हा नियम मोबाइललाही लागू आहे.

मैसूरुचे खेळ

पडदा काढून घेतल्यावर रिकाम्या राहणाऱ्या वेळेचे काय, हा प्रश्न उरतो. मैसूरु संस्थानचे राजे मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांना बैठ्या खेळांची विलक्षण आवड होती. त्यांनी अनेक पटांची रचना केली आणि गंजिफाचे नवे प्रकार तयार केले. त्यांपैकी काहींत पानांची संख्या तीनशेच्या वर होती. मैसूरुची गंजिफा आणि सावंतवाडीची गंजिफा ही एकाच परंपरेची भावंडे आहेत. मैसूरुतील ‘राम्सन्स कला प्रतिष्ठान’ ही संस्था अशा पारंपरिक खेळांचे पट आणि सोंगट्या कारागिरांकडून पुन्हा तयार करून घेत आहे आणि त्यांची प्रदर्शने भरवत आली आहे.

कर्नाटकात ‘चौकाबारा’ म्हणून ओळखला जाणारा खेळ मराठी घरांना परका नाही. बहुधा पाच बाय पाच घरांचा पट आणि चार कवड्या एवढ्यावर तो चालतो. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. मराठीतील ‘चल्लस-आठ’ तो हाच. खडूने फरशीवरही पट आखता येतो. मोजणे, आपल्या पाळीची वाट पाहणे आणि हरल्यावर पुन्हा बसणे या तिन्ही गोष्टी त्यातून साधतात. ‘अळगुळी मणे’ हा खळग्यांच्या लाकडी पाटावर चिंचोके वाटत जाण्याचा खेळही असाच आहे. मैसूरु-बंगळूरु मार्गावरील चन्नपट्टण येथील लाखकाम केलेली लाकडी खेळणी सावंतवाडीच्या खेळण्यांप्रमाणेच प्रसिद्ध आहेत.

चिंचोके आणि कवड्या तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. ते गिळले जाण्याचा किंवा नाका-कानात जाण्याचा धोका असतो. त्या वयासाठी वाट्या, चमचे, पाणी, माती आणि मोठे ठोकळे पुरेसे आहेत.

घराबाहेरील खेळाचे आणखी एक कारण डोळ्यांशी निगडित आहे. चीनमधील ग्वांगझू येथे शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ मैदानात नेण्यात आले. तीन वर्षांनंतर या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांमध्ये नव्याने लघुदृष्टी आढळली, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.

गावांनी काढलेला मार्ग

एकट्या घराने नियम केला तर शेजारच्या घरातील दूरचित्रवाणीचा आवाज तो मोडतो. यावर सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने सामूहिक मार्ग काढला. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की घरोघरी दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद करायचे आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास, मोठ्यांनी वाचन किंवा गप्पा करायच्या, असे ठरले. करोनाकाळातील ऑनलाइन शिक्षणानंतर मुलांचे मोबाइलवरील लक्ष न हटल्याने हे पाऊल उचलण्यात आले. सुरुवातीला अनेकांना हे शक्य वाटले नव्हते. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांनी घरोघरी जाऊन समजूत घातल्यावर गावकऱ्यांचा प्रतिसाद वाढला.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये वेगळा मार्ग निवडला. १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव करून तो मोडल्यास दंडाची तरतूद करण्यात आली. सीमाभागातही याचे अनुकरण झाले. बेळगाव तालुक्यातील हलगा गावाने २०२४ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील गावाचे उदाहरण समोर ठेवून सायंकाळी सातचा भोंगा सुरू केला.

या उपक्रमांतील वेळ दीड-दोन तासांचीच आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ती सर्वांसाठी एकाच वेळी आहे आणि मोठ्यांनाही तिच्यातून सूट नाही. शहरातील गृहनिर्माण संस्थेला किंवा एकाच मजल्यावरील चार घरांनाही असे ठरवता येते.

ऑनलाइन वर्गांचा पेच

पडदा घरात आला तो सर्व वेळी करमणुकीसाठीच, असेही नाही. जून २०२० मध्ये कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गांतील मुलांचे ऑनलाइन वर्ग बंद करण्याचा निर्णय घेतला होता. जुलै २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्काच्या आधारे त्याला स्थगिती दिली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यांत पूर्वप्राथमिक वर्गांसाठी पालकांशी संवादापुरती दिवसाला ३० मिनिटांची, तर पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांच्या दोन सत्रांची मर्यादा सुचवण्यात आली. मुलाचे आरोग्य आणि मुलाचे शिक्षण या दोन हक्कांत निवड करण्याची वेळ तेव्हा आली होती. आज शाळा भरत असल्या तरी गृहपाठ मोबाइलवरच येतो. तो पालकांनी वाचून मुलाला वहीत उतरवून दिला, तर लहान वर्गांत मुलाच्या हाती मोबाइल देण्याची गरज सहसा पडत नाही.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे?

पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल बाळबोल काढत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कोणत्याही वयात येत असलेले शब्द बोलणे थांबले, तर विलंब करू नये. अशा मुलाची सर्वप्रथम श्रवण चाचणी होणे आवश्यक असते.

अलीकडे ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्दप्रयोग वारंवार ऐकू येतो. वैद्यकशास्त्रात हे मान्यताप्राप्त निदान नाही. ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता मोबाइलमुळे होते, असे सिद्ध झालेले नाही. या शब्दामुळे दोन प्रकारची हानी होते. स्वमग्न मुलाचे पालक स्वतःला दोषी मानू लागतात. दुसरीकडे काही पालक ‘मोबाइल बंद करून सहा महिने पाहू’ असे म्हणून तपासणी लांबणीवर टाकतात. भाषाविकासाच्या दृष्टीने ते सहा महिने फार मोलाचे असतात. पडदा बंद करणे आणि तपासणी करून घेणे ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हायला हवीत.

फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी केली जाते. त्यात भाषाविकासातील विलंबाचाही समावेश आहे. अंगणवाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे मुलाला पाठवता येते. मैसूरुतील वाक् श्रवण संस्थेप्रमाणेच मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. थकवा, चिंता किंवा मुलाच्या वागण्यामुळे येणारा ताण यांविषयी पालकांना ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.